ईमान मोठं की नेक अमल? घरातल्या वादावरून विचारते आहे

हर्णैची लेक

अस्सलामु अलैकुम, नमस्कार.

माझं माहेर हर्णै, तालुका दापोली. सासर मराठवाड्यात. माहेरचे आम्ही शाफई, सासरचे हनफी, दोन्ही सुन्नींच्याच परंपरा. नमाजीत आमीन मोठ्याने म्हणायचं की मनात, इथपासून लग्नानंतर सगळं नव्याने बघावं लागलं, पण त्यावरून कधी मन दुखावलं नाही. यंदाच्या ईदला मात्र दुखावलं.

माझा धाकटा भाऊ मुंबईत रुग्णवाहिका चालवतो. २०२० साली ज्या मयतांना हात लावायला घरचे पुढे येत नव्हते, त्यांना त्याने आणि त्याच्या सोबतच्या पोरांनी कब्रस्तानात पोचवलं. मयत हिंदू असली तर स्मशानात. कितीतरी रात्री तो गाडीतच झोपला, घरी आजार नको म्हणून. रोजे तो पूर्ण धरतो. पाच वेळची नमाज मात्र त्याच्याकडून होत नाही. जुम्म्याची तेवढी करतो, तीही पेशंट आला की चुकते.

माझे मोठे दीर याच्या उलट. रात्रीची ऐच्छिक नमाज, तहज्जुदसुद्धा, चुकवत नाहीत. पण सासरे गेल्यावर राहतं घर आणि बाजारातलं दुकान दोघा भावांच्या नावावर करायचं ठरलं आणि नणंदेला काहीच नाही. "लग्नात दिलं की," एवढंच उत्तर. आता तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. ती म्हणते, करते सही, माहेर तुटायला नको.

ईदला भाऊ आला होता. दिरांनी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं, "नमाज नाही तर बाकीचं सगळं वाया. समाजसेवा काय, काफिरही करतात." भाऊ एक शब्द बोलला नाही. शीरखुर्म्याची वाटी तशीच ठेवून उठला.

सासूबाई दर्ग्याला मानणाऱ्या. त्या म्हणाल्या, भुकेल्याला घास देणं नमाजीपेक्षा मोठं, असं औलिया (सूफी संत) सांगून गेलेत. दीर म्हणाले, हे सगळं कव्वालीतलं.

मला नीट कळून घ्यायचं आहे. ईमान, म्हणजे श्रद्धा, आणि अमल, म्हणजे कृती, यांचं नातं काय? सूफी खरंच असं म्हणाले का? व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज कृपा करून नकोत. ज्यांनी वाचलंय त्यांनी सांगावं.

---

जुनी पानं

ताई, तुमच्या घरातला वाद इस्लामच्या पहिल्या शतकातला आहे, आणि त्याची सुरुवात रक्तपाताने झाली.

६५७ साली सिफ्फीनच्या लढाईनंतर हजरत अलींच्या सैन्यातून एक गट फुटला. त्यांना खारिजी म्हणतात. मोठं पाप करणारा मुसलमान राहतच नाही, अशी भूमिका त्यांच्यात पक्की झाली. ती त्यांनी अमलातही आणली, माणसं मारली. ६६१ साली कूफ्याच्या मशिदीत खुद्द अलींवर वार करणारा त्यांच्यातलाच होता. त्याच्या उलट टोकाला मुर्जिआ. ते म्हणाले, पापी माणसाचा निवाडा अल्लाहवर सोडा, ईमान मनात आहे, कृतीने ते जात नाही. बसऱ्यात हसन बसरींच्या बैठकीत हाच प्रश्न निघाला, तेव्हा वासिल इब्न अता म्हणाला की असा माणूस ना मोमिन ना काफिर, मधल्या जागी आहे. तो उठून वेगळा बसला आणि त्याच्यापासून मुअतझिला पंथ सुरू झाला, असं सांगतात.

आता तुमच्या माहेर-सासरचं. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) म्हणतात, ईमान म्हणजे मनाने मानणं आणि जिभेने कबूल करणं. ते कमी-जास्त होत नाही, अमल त्याच्या व्याख्येत येत नाही. इमाम शाफई (मृत्यू ८२०) म्हणतात, ईमानात मानणं, बोलणं आणि करणं तिन्ही आलं. नेकीने ते वाढतं, गुनाहने घटतं. म्हणजे कोकण आणि मराठवाडा यांच्यात या बाबतीत बाराशे वर्षांचा मतभेद आहे, आणि दोन्ही बाजू सुन्नीच आहेत.

यात एक महत्त्वाचं. अबू हनीफांनी अमल व्याख्येबाहेर ठेवला तो अमल क्षुल्लक मानून नव्हे. चुकणाऱ्या माणसाला कुणी उठून धर्माबाहेर काढू नये, ही त्या काळातली खरी गरज होती. तुमचे दीर हनफी आहेत ना? मग हनफी मतानुसार तुमच्या भावाच्या ईमानाला बोट लावायचा अधिकार त्यांना नाही.

---

मदरशाचा विद्यार्थी

वरची माहिती बरोबर आहे, पण कुणी त्यातून सोयीचा अर्थ काढू नये म्हणून लिहितो.

नमाज ही ऐच्छिक गोष्ट नाही. ‘मुस्लिम शरीफ’ या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे की माणूस आणि कुफ्र यांच्यामध्ये नमाज सोडण्याचंच काय ते अंतर. इमाम अहमद इब्न हंबल यांनी ती फार कडक अर्थाने घेतली. बाकी तीन इमामांनी नमाज सोडणाऱ्याला काफिर म्हटलं नाही, पण मोठा गुन्हेगार म्हटलं. तुमच्या भावाने केलेलं काम फार मोठं आहे, अल्लाह कबूल करो. मयतीला खांदा देणं, तिचं दफन करणं हे फर्ज-ए-किफाया आहे, म्हणजे काहींनी केलं की सगळ्यांवरचा भार उतरतो असं कर्तव्य. त्याने कित्येक मोहल्ल्यांचा भार एकट्याने उचलला. पण एका फर्जाने दुसरा फर्ज फिटत नाही. गाडीत मुसल्ला (नमाजीची चटई) ठेवायला सांगा. प्रवासात कस्र, म्हणजे आखूड नमाज, आहे, गाडीतून उतरता येत नसेल तर त्याचेही मसले (नियम) आहेत. दीनमध्ये सवलत आहे, सुट्टी नाही.

---

रौजेवाला

ताई, मी खुलताबादचा. आम्ही गावाला अजून रौजाच म्हणतो. आयुष्यभर शाळेत उर्दू शिकवली, फारसी वडिलांकडून आली. तुमच्या सासूबाईंनी जे सांगितलं त्याचा ठावठिकाणा माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांच्या बैठकीत अमीर हसन सिजझी नावाचा शायर यायचा. नोकरी सैन्यातली, पन्नाशी उलटलेली. १३०८ पासून १३२२ पर्यंत शेख जे बोलत ते घरी जाऊन तो लिहून ठेवत असे. हे टिपण म्हणजे ‘फवायद-उल-फुआद’. शेखांनी ते स्वतः वाचून काही जागा दुरुस्त केल्या. पुढे १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा हसनही इकडे आला आणि इथेच वारला. गावाबाहेर त्याची कबर आहे. शेखांचे मुरीद (शिष्य) बुरहानुद्दीन गरीब हेही त्याच लाटेत आले. त्यांचा दर्गा गावात. म्हणून सांगतो, हे कव्वालीतलं नाही. बैठकीत बसलेल्या माणसाने शाईने लिहिलेलं आहे.

त्यात शेख म्हणतात की ताअत, म्हणजे अल्लाहची आज्ञा पाळणं, दोन प्रकारचं आहे. एक लाजिमी. तिचा फायदा करणाऱ्यालाच: नमाज, रोजा, हज, तस्बीह. दुसरी मुतअद्दी. तिचा फायदा दुसऱ्याला पोचतो: कुणावर खर्च करणं, कुणाला माया लावणं, कुणाचं दुःख हलकं करणं. या दुसरीचा सवाब, म्हणजे पुण्य, मोजण्यापलीकडचा आहे.

आणि त्यापुढचं वाक्य मी दर वेळी थांबून वाचतो. लाजिमी ताअत कबूल व्हायला इखलास लागतो, नियत निखळ लागते. मुतअद्दी ताअत कशीही करा, सवाब आहेच.

हे धाडसाचं बोलणं आहे. कारण ‘बुखारी’ या हदीस-संग्रहातली पहिलीच हदीस सांगते की अमलाची किंमत नियतीवर. शेखांना ती ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? हदीस शिकलेले, सनद घेतलेले माणूस होते ते. मला वाटतं ते भुकेल्याच्या बाजूने बघत होते. भाकरी देणाऱ्याच्या मनात काय होतं याने भुकेल्याचं पोट कमी भरत नाही. नमाजीत मात्र मनाशिवाय दुसरं आहेच काय?

पण सासूबाईंच्या म्हणण्याचा अर्थ “नमाज नसली तरी चालेल” असा घेतला तर शेखांवर अन्याय होईल. ते स्वतः बारा महिने रोजे धरत. अमीर खुर्दने ‘सियर-उल-औलिया’त लिहिलंय: सहरीला, म्हणजे रोजा सुरू होण्याआधी पहाटे, खादिम ताट घेऊन यायचा आणि शेख हात आखडता घेत. इतके गरीब मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या ओट्यांवर उपाशी निजलेत, मग हा घास घशाखाली कसा जाईल, असं म्हणून रडत. खादिम ताट उचलून घेऊन जायचा. नीट बघा, रोजा सुटलेला नाही आणि उपाशी माणूसही डोळ्यांआड झालेला नाही. त्यांच्यापूर्वी चारशे वर्षं बगदादच्या जुनैदांनी तर स्पष्ट सांगून ठेवलं की पोचलेल्याला अमलाची गरज उरत नाही असं म्हणणाऱ्यापेक्षा चोर आणि व्यभिचारी बरे.

म्हणून सूफी नमाज कमी लेखतात हे खरं नाही. नमाजीने माणूस मऊ झाला का, हे ते विचारतात. आणि हे विचारायला सूफी व्हावं लागत नाही, कुरआनातच आहे. सूरह माऊन काढा, अवघ्या ७ आयती, दिरांना तोंडपाठ असेल. न्यायाचा दिवस नाकारणारा कोण? अनाथाला ढकलून देणारा, गरिबाच्या जेवणाचा आग्रह न धरणारा. आणि मग, दुर्दशा त्या नमाजींची जे नमाजीचं भान ठेवत नाहीत, दिखावा करतात आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तू देत नाहीत. किंवा सूरह बकरातली १७७वी आयत: नेकी पूर्वेला-पश्चिमेला तोंड करण्यात नाही. तिचा क्रम बघा. आधी ईमान, मग प्रेमाची संपत्ती नातेवाइकांना, अनाथांना, गरजूंना, वाटसरूंना देणं, आणि त्यानंतर नमाज आणि जकात. माणसाचं ईमान कुठे दिसतं हे मला या क्रमातून कळलं.

आता नणंदेचं. कृपा करून तिचा हिस्सा “भलाई” या खात्यात घालू नका. तो ना लाजिमी ताअत ना मुतअद्दी. ती तिची मालमत्ता आहे, दुसऱ्याच्या ताब्यात पडलेली. मुस्लिम शरीफमध्ये हदीस आहे: पैगंबरांनी विचारलं, कंगाल कोण? सहाबा (पैगंबरांचे साथीदार) म्हणाले, ज्याच्याकडे पैसा-सामान नाही तो. पैगंबर म्हणाले, माझ्या उम्मतीतला (अनुयायांतला) कंगाल तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल. त्याच्या नेक्या त्या त्या माणसाला वाटून दिल्या जातील. नेक्या संपल्या तर त्यांची पापं याच्या डोक्यावर. मला या हदीसची फार भीती वाटते. तहज्जुद करणाऱ्याला जास्त वाटायला हवी, कारण त्याच्याकडे हरवण्यासारखं जास्त आहे.

---

कृष्णाकाठ

मी हिंदू आहे, कराडचा. धागा मन लावून वाचला. एका वाक्यावर अडखळलो. “समाजसेवा काफिरही करतात.” म्हणजे माझ्यासारख्याने केलेलं चांगलं काम इस्लामच्या दृष्टीने शून्य का? रौजेवाला सर, गोड उत्तर नको, खरं सांगा.

---

रौजेवाला

दादा, खरंच सांगतो. उत्तर एक नाही.

कडक बाजूचा आधार पक्का आहे. हजरत आयशांनी पैगंबरांना विचारलं, इब्न जुदआन इस्लामपूर्व काळात नातेवाइकांना धरून राहायचा, गरिबांना जेवू घालायचा, त्याला ते उपयोगी पडेल का? पैगंबर म्हणाले, नाही. “परवरदिगार, न्यायाच्या दिवशी माझ्या चुका माफ कर” असं तो एक दिवसही म्हणाला नाही. सूरह नूरमध्ये इन्कार करणाऱ्यांच्या कर्मांना वाळवंटातलं मृगजळ म्हटलंय. हे मी लपवणार नाही. दिरांना त्यातूनच ते वाक्य सुचलं असणार.

पण हकीम इब्न हिझाम यांनी विचारलं की इस्लाम घेण्याआधी मी गुलाम सोडवले, दान केलं, त्याचं काय? तेव्हा उत्तर आलं, ती नेकी सोबत घेऊनच तू इस्लाममध्ये आलास. सूरह बकराची ६२वी आयत यहुदी, ख्रिस्ती, साबी यांची नावं घेऊन म्हणते की जो अल्लाह आणि अखेरचा दिवस मानेल आणि नेक काम करेल त्याला ना भय ना दुःख. बऱ्याच मुफस्सिरांनी, म्हणजे कुरआनाच्या भाष्यकारांनी, ती पैगंबरांपूर्वीच्या लोकांपुरती मानली, काहींनी मानली नाही. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) याच प्रश्नावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते ज्यांच्या कानावर पैगंबरांचं नावच गेलं नाही ते माफ. ज्यांनी लहानपणापासून त्यांच्याबद्दल खोटंनाटंच ऐकलं तेही माफ. सगळं जवळून पाहून, समजून नाकारलं त्यांचीच जबाबदारी. बायझन्टाइन ख्रिस्ती आणि तुर्क यांच्यातले बहुतेक अल्लाहच्या दयेत येतील, अशी आशा त्यांनी लिहून ठेवली. आणि ते सूफी होते तसेच बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य आलिमही होते.

‘फवायद’मध्ये एक प्रसंग आहे. हसनचा पगार थकला होता, तो चिंतेत होता. शेखांनी त्याला एका ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. हाकिमाने त्याची सगळी मालमत्ता जप्त केली. वाटेत मित्र भेटला, कसं काय विचारलं. ब्राह्मण म्हणाला, मजेत. अरे, तुझं तर सगळं गेलं! तो म्हणाला, जानवं आहे ना माझ्यापाशी. मुसलमान मुरीदाला धीर द्यायला शेखांना ब्राह्मणाची निष्ठा आठवली. हजरत इब्राहीमांचीही गोष्ट ते सांगत: पाहुण्याशिवाय जेवायचे नाहीत, आणि एकदा पाहुणा मूर्तिपूजक निघाला म्हणून हात आखडला, तेव्हा वरूनच विचारणा झाली की मी याला जीव देऊ शकतो आणि तुला एक भाकरी देववत नाही?

तुमच्या आखिरतचा, मरणानंतरचा, हिशोब माझ्या हातात नाही. पण बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हदीस आहे की कुणीही केवळ आपल्या अमलाच्या जोरावर जन्नतमध्ये जाणार नाही. सहाबांनी विचारलं, आपणही नाही? म्हणाले, मीही नाही, अल्लाहने आपल्या दयेत घेतलं तरच. हे ऐकल्यावर ईदच्या दिवशी, जेवणाच्या दस्तरखानावर, दुसऱ्याच्या कर्मावर “वाया” असा शिक्का मारायची हिंमत मला तरी होणार नाही.

---

हर्णैची लेक

सर्वांचे मनापासून आभार. भावाला धाग्यातलं लाजिमी-मुतअद्दीचं फोनवर वाचून दाखवलं. “मुसल्ला ठेवतो गाडीत,” म्हणाला.

सूरह माऊनबद्दल सासूबाई आणि मी रात्री बसून तर्जुमा वाचला. आता त्या स्वतःच दिरांशी बोलणार म्हणतात. पण नेमका हिस्सा किती, हे आम्हा दोघींना सांगता येत नाही. सासूबाई हयात आहेत, दोन मुलगे, एक मुलगी. कर्ज, वसियत काही नव्हतं. आणि नणंदेने खुशीने सही केली तर ती चालते का?

---

मदरशाचा विद्यार्थी

ताई, फराइज, म्हणजे वारसावाटपाचं शास्त्र, मी शिकलोय, सांगतो.

मुलंबाळं असली की बायकोला आठवा हिस्सा, सूरह निसाची १२वी आयत. उरलेल्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक, ११वी आयत. एकूण ४० हिस्से धरा. सासूबाईंना ५. दोन्ही भावांना प्रत्येकी १४. बहिणीला ७. घराचे ४० आणि दुकानाचेही ४०, दोन्ही आजच्या बाजारभावाने. बहिणीच्या सातपैकी साडेतीन तुमच्या मिस्टरांच्या वाट्यात गेलेत, हे लक्षात घ्या. सासूबाईंचेही पाच कुणी मोजलेले दिसत नाहीत. दोघा भावांच्याच नावावर करायचं ठरलं म्हणता, म्हणजे अन्याय दोन बायकांवर आहे.

लग्नात दिलं ते वडिलांनी हयातीत दिलेलं. ते वारशातून वजा होत नाही. दुकान वडिलांच्या मागेही चालू असेल, तर त्या उत्पन्नाचाही हिशोब बघावा लागेल.

सहीबद्दल. मनापासूनच्या खुशीशिवाय मुसलमानाचा माल दुसऱ्याला हलाल नाही, अशी हदीस आहे. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही खुशीची नव्हे. आधी हिस्सा तिच्या नावावर करा, ताबा तिच्या हातात द्या. नंतर तिला वाटलं आणि तिने काही परत दिलं तर तो हिबा, म्हणजे भेट. क्रम हाच, उलटा नाही. तलाठी कार्यालयात किंवा निबंधकाकडे काय कागद करायचे ते वकिलाला विचारा, तो माझा विषय नाही.

मी वर नमाजीबद्दल कडक लिहिलं, त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. हेही तितक्याच कडकपणे लिहितो. वीतभर जमीन अन्यायाने घेतली तर ती सात जमिनींसकट गळ्यात अडकवली जाईल, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. वारशाच्या आयतींनंतर लगेच १४व्या आयतीत या मर्यादा ओलांडणाऱ्याला आग सांगितली आहे.

सासूबाईंनी दिरांशी एकटं बोलावं, मोहल्ल्यातल्या कुणासमोर नको. ईदला भावाचं झालं तसं त्यांचं होऊ नये. ऐकलं नाही तर तुमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना घरी बोलवा आणि ४० हिस्स्यांचा हा कागद त्यांच्या हातात द्या. मिस्टरांनी आपले साडेतीन आधी बाजूला काढून ठेवले तर बोलणं पुष्कळ सोपं जाईल.